आमची वाटचाल : पालकांना वर्गात बसवायला लागलो तेव्हापासून

आमचं मॉन्टेसरी प्रीस्कूल अगदी छोटं आहे. एकच वर्ग, त्यात ३ ते ६ वयाची सगळी मुलं एकत्र, आणि ते चालवतो आम्ही दोघी बहिणी. ताईने मॉन्टेसरीचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय त्यामुळे वर्ग तिचा, आणि जागा, फी, पगार, साधनांची खरेदी, पालकांचे फोन हे सगळं माझ्याकडे. म्हणजे पालक पहिल्यांदा भेटतात ते मला आणि तक्रार करायची असली तरी माझ्याकडेच येतात, म्हणून ही वाटचाल मी लिहितेय.

सुरुवातीला सगळी साधनं एकदम घेणं शक्य नव्हतं. मॉन्टेसरीचा पूर्ण सेट महाग असतो कारण मापं चोख लागतात. गुलाबी मनोऱ्यात एकावर एक रचायचे १० ठोकळे असतात, सगळ्यात लहान १ सेंटीमीटरचा आणि मोठा १० सेंटीमीटरचा, मधला प्रत्येक बरोबर १ सेंटीमीटरने वाढत जाणारा, आणि त्यात जरा जरी फरक पडला तरी त्या साधनाचा उपयोगच संपतो. लाल दांड्याही १०, १० सेंटीमीटरपासून थेट १ मीटरपर्यंत. ही साधनं आम्ही टप्प्याटप्प्याने घेत गेलो आणि तोवर भर दिला तो रोजच्या जीवनातल्या कामांवर, म्हणजे पाणी ओतणं, चमच्याने दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत घालणं, टेबल पुसणं, बटणं लावणं, छोट्या झाडूने केर काढणं. ह्याला फारसा खर्च नाही, मुलांच्या हाताला बसतील अशा खऱ्या वस्तू लागतात फक्त.

पण पालकांना नेमकं तेच दिसायचं नाही. दप्तर रिकामं घरी जातंय, वही नाही, वर्कशीट नाही, आणि मुलाला विचारलं आज काय केलंस तर ते म्हणतं 'पाणी ओतलं'. ज्या आईबाबांनी पोटाला चिमटा काढून फी भरलीय त्यांना हे ऐकून काय वाटत असेल ते मला तेव्हाही कळायचं. काहींनी तर पहिल्याच वर्षी मुलांना काढून घेतलं. त्यांचा राग मला कधीच आला नाही, कारण वर्गात काय चाललंय हे त्यांनी बघितलंच नव्हतं आणि न बघता विश्वास ठेवा असं कुठल्या तोंडाने सांगणार?

मग एक जण म्हणाले रोज ग्रुपवर फोटो टाका, सगळेच टाकतात. ताई ह्याला तयार नव्हती आणि तिचं म्हणणं मला पटलं. फोटोत पूर्ण झालेला मनोरा दिसतो, पण तो रचायच्या आधी मुलाने चटई स्वतः आणली, पसरली, एकेक ठोकळा दोन्ही हातांत धरून आणला, मधला एक चुकून आधी ठेवला, शेवटी हातात एक ठोकळा उरला तेव्हा थांबून वरखाली बघितलं आणि कोणी न सांगता परत सगळं काढून रचलं, हे कुठल्या फोटोत येणार? आणि मोबाईल समोर धरला की मूल कामातून बाहेर येऊन कॅमेऱ्याकडे बघतं, झालं, तंद्री मोडली. म्हणून फोटो नाहीत, त्याऐवजी पालकांनाच आत बोलवायचं असं ठरलं. भिंतीलगत एक बुटकी खुर्ची ठेवली आणि ती पालकांची.

खरं तर ह्यात आमचं स्वतःचं असं काही नाही. ही पद्धत सुरू करणाऱ्या इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो भागात पहिलं बालगृह, म्हणजे ह्या पद्धतीची पहिली शाळा, काढलं ते गरीब कामगार कुटुंबांच्या चाळवजा इमारतीतच. आईबाप कामावर गेले की मुलं दिवसभर मोकाट फिरायची, भिंती खराब करायची, म्हणून इमारतीच्या मालकांनाच ती एका जागी हवी होती. त्या बालगृहाची जी नियमावली होती त्यात पालकांसाठीही नियम होते, मुलांना स्वच्छ पाठवायचं, आणि आठवड्यातून निदान एकदा आईने येऊन बाईंशी बोलायचं, मूल घरी कसं वागतं ते सांगायचं आणि त्यांच्याकडून ऐकायचं. शिवाय आयांना दिवसात कधीही येऊन वर्ग बघता यायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून घर ह्यात धरलेलंच होतं. नंतर जगभर साधनं पोचली, गुलाबी मनोरा सगळ्यांना माहीत झाला आणि हा भाग मात्र बऱ्याच ठिकाणी मागे पडला, गॅदरिंगला आणि पालकसभेला येणं एवढंच पालकांचं काम उरलं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

तर खुर्चीचे नियम. फोन बाहेर. साधारण अर्धा तास बसायचं, बोलायचं नाही, मदत करायची नाही, आपलं मूल जवळ आलं तर हळूच सांगायचं 'मी आज बघायला आलेय, तुझं काम चालू दे'. टर्मच्या पहिल्या काही आठवड्यांत कोणाला बसवत नाही, तेव्हा नवी मुलं रुळत असतात. आणि हातात एक कागद देतो ज्यावर फक्त डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. 'हुशार आहे', 'लक्ष नाही', 'मस्ती करतोय' असलं काही लिहायचं नाही, 'पाण्याचा जग उचलला, थोडं पाणी सांडलं, फडकं आणलं, पुसलं, परत ओतलं' असं लिहायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का. बहुतेकांच्या पहिल्या कागदावर मुलाबद्दलची मतंच जास्त असतात.

पाणी सांडलं की बाबा लोकांचे हात शिवशिवतात. एक बाबा अर्धे उठलेच होते, ताईने लांबूनच हाताने खूण केली बसा म्हणून. त्यांच्या मुलीने शांतपणे स्पंज आणला, टेबल पुसलं, स्पंज पिळला, परत पुसलं, आणि मग पुन्हा ओतायला घेतलं, आणि हे ती करतच राहिली. नंतर ते मला म्हणाले, घरी हिने ग्लास उचलला की आमच्यापैकी कोणीतरी धावतंच. मी म्हटलं उद्यापासून ग्लास थोडाच भरा आणि फडकं तिच्या हाताला येईल असं ठेवा, धावायची गरज उरणार नाही.

एकच गोष्ट परत परत करणं हे पालकांना सगळ्यात खटकतं. 'तेच तेच काय करतोय, पुढे कधी जाणार?' त्यांना मी सान लोरेन्झोमधल्या त्या साधारण ३ वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगते. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दंडगोल बसवायचं साधन घेऊन ती बसली होती. मॉन्टेसरींनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, ती बसलेली खुर्चीच उचलून टेबलावर ठेवली, तरी ती दंडगोल काढतच आणि बसवतच राहिली, चाळीसपेक्षा जास्त वेळा, आणि मग आपणहून थांबली, चेहऱ्यावर थकवा नाही, उलट ताजीतवानी. ह्या तंद्रीसाठीच सकाळचा सलग वेळ मोकळा ठेवायचा असतो, पूर्ण मॉन्टेसरी वर्गात तो ३ तासांपर्यंत असतो, मध्ये घंटा नाही, 'चला आता सगळ्यांनी चित्र काढा' नाही.

काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही, ह्यावरून एक आई जरा रागावूनच म्हणाली होती, मग आम्ही कौतुक करायचंच नाही का? ताई म्हणाली करायचं ना, पण काम संपल्यावर, आणि काय बघितलं ते सांगून. 'सगळी बटणं तू स्वतः लावलीस, शेवटचं अडकत होतं तरी सोडलं नाहीस' असं. मध्येच टाळ्या वाजवून व्हेरी गुड म्हटलं की मूल बटणाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

नुसतं बघून भागत नाही हे हळूहळू लक्षात यायला लागलं, म्हणून मग संध्याकाळची पालक बैठक सुरू केली, तिच्यात भाषण नाही, पालकांनी स्वतः खाली बसून साधनं हाताळायची. डोळ्यांवर पट्टी बांधून कापडांच्या जोड्या लावायच्या, खरखरीत अक्षरांवरून दोन बोटं फिरवायची. आणि ह्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो तीन टप्प्यांच्या पाठावर. हा पाठ मुळात एदुआर सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचा, मॉन्टेसरींनी तो घेतला. पहिला टप्पा, आपण फक्त नाव सांगायचं, 'हे खरखरीत. हे गुळगुळीत.' दुसरा, 'खरखरीत कुठलं ते दाखव, गुळगुळीत माझ्या हातात दे, आता खरखरीत तिकडे ठेव.' आणि तिसरा, 'हे काय आहे?' दुसरा टप्पा सगळ्यात लांब चालवायचा, त्यात मूल हलतं, उचलतं, ठेवतं, नाव कानावर पडत राहतं आणि उत्तर द्यायचं दडपण नसतं. दाखवताना चुकलं तर ओरडायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही, आज इथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घ्यायचं.

पालकांना एकमेकांबरोबर हा पाठ करायला लावला की जवळपास सगळेच थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात. घरी तेच तर चालू असतं, पाहुणे आले की 'सांग बरं हा कुठला रंग? हे काय आहे? परवा तर सांगत होतास!' दिवसभर तोंडी परीक्षा. आणि मूल गप्प बसलं की आपण म्हणतो लाजतंय. बैठकीत एका आईला आम्ही तिला अजिबात माहीत नसलेल्या आकारांची नावं एकदाच सांगून लगेच 'हे काय?' विचारलं तर ती गडबडली, आणि स्वतःच म्हणाली की माझा मुलगा असाच गडबडत असणार. त्या घरात त्यानंतर प्रश्न कमी झाले आणि मुलगा बोलायला लागला असं तीच सांगते.

बैठक झाली की हमखास विचारतात, हा मनोरा कुठे मिळेल, घरी एक घेऊन ठेवतो. मी नको म्हणते. वर्गातही प्रत्येक साधन एकच असतं, आणि ते मुद्दाम असतं, दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायला शिकावं म्हणून. घरी वेगळी गोष्ट हवी. मुलाच्या उंचीला एक हुक, बेसिनपाशी एक पक्कं स्टूल, खालच्या कप्प्यात त्याचे कपडे, त्याला पेलेल असा छोटा जग, आणि वेळ. वेळ ही सगळ्यात अवघड, मला माहितीये. सकाळी कामावर पळणाऱ्या आईला सांगणं की मुलाला बटणं लावायला दहा मिनिटं द्या हे काही माणुसकीला धरून नाही. म्हणून आम्ही सांगतो की सकाळी तुम्हीच घाला, संध्याकाळी कपडे बदलताना त्याला करू द्या, किंवा सुट्टीच्या दिवशी एकच गोष्ट पूर्ण त्याच्यावर सोडा. एकच, पण दर वेळी तीच.

आजी-आजोबांबद्दल वेगळं लिहायला हवं कारण आमच्याकडे सोडायला आणि न्यायला बरेचदा तेच येतात. एक आजी रोज लवकर येऊन बाहेर बसायच्या. ताईने त्यांना आत बोलावलं आणि म्हणाली शिकवायचं काही नाही, तुमचं शिवण घेऊन या आणि कोपऱ्यात बसून शिवा. त्या बटणं लावत बसल्या, कोणाला हाक मारली नाही, आणि थोड्या वेळात एक मूल शेजारी येऊन उभं राहिलं, मग दुसरं. सुईत दोरा कसा जातो हे ती मुलं श्वास रोखून बघत होती. मोठं माणूस स्वतःचं काम मन लावून करतंय हे बघणं लहान मुलाला किती ओढून घेतं हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, कारण हल्ली घरातलं मोठ्यांचं बरंचसं काम स्क्रीनवर असतं आणि मुलाला त्यात बघण्यासारखं काही नसतं. आता शिवण, वीणकाम, तुटलेलं स्टूल दुरुस्त करणं, असं काही हाताने करणारे आजी-आजोबा आमच्याकडे अधूनमधून येऊन बसतात.

धंद्याच्या बाजूने सांगायचं तर आमचा सगळ्यात मोठा प्रश्न तिसरं वर्ष. मिश्र वयाच्या वर्गात पहिली दोन वर्षं मूल बघून, करून घेतं आणि तिसऱ्या वर्षी ते वर्गातलं मोठं होतं, लहानांना चटई गुंडाळायला दाखवतं, सोनेरी मण्यांनी हजारांच्या आकड्यांची बेरीज करतं, स्वतः शब्द जुळवतं. आणि नेमकं तेव्हाच पालक त्याला 'मोठ्या शाळेत' टाकायला काढतात. आमच्यासारख्या छोट्या संस्थेला ह्यात फीचा फटका बसतोच, पण वर्गाचं नुकसान त्याहून मोठं, कारण लहानांनी बघायचं कोणाकडे? पालक खुर्चीवर बसायला लागल्यापासून हे बरंच कमी झालंय. ४ वर्षांच्या मुलाचे पालक ५ वर्षांच्या मुलांना काम करताना स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि मग तिसऱ्या वर्षाबद्दल मला फारसं बोलावं लागत नाही.

आता ॲडमिशनचा फॉर्मसुद्धा आधी देत नाही. आधी अर्धा तास बसा, मग फॉर्म. काही जण बघून 'आम्हाला हे नको' म्हणून जातात आणि मला ते चालतं. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही पाटीवर लिहू शकतं, त्यामुळे जाताना त्यांना एवढंच सांगते की जिथे जाल तिथे वर्ग चालू असताना बसू देतात का ते विचारा, मुलांना साधन स्वतः निवडता येतं का बघा, वयं एकत्र आहेत का आणि सलग वेळ किती मिळतो ते बघा. दुसरी शाखा काढा असंही बरेच जण सुचवतात, पण ट्रेनिंग झालेलं आणि गप्प राहून बघता येणारं माणूस तयार व्हायला वेळ लागतो, तोवर तो विषय नाही.

सध्या अडचण आहे ती शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पालकांची. त्यांना सकाळचं येता येत नाही, आणि जास्त करून बाबाच राहून जातात. त्यांच्यासाठी शनिवारी थोड्या मुलांना घेऊन वर्ग भरवायचा विचार चाललाय. ताईचं म्हणणं आहे की मुलं रोजचीच हवीत आणि वेळही पूर्ण सकाळचा हवा, नाहीतर तो कार्यक्रम होईल, वर्ग राहणार नाही. त्यामुळे पगाराचं आणि तिच्या सुट्टीचं गणित बसलं की येत्या टर्मपासून महिन्यातला एक शनिवार तसा ठेवणार आहोत.