शिकागो ते वाई, सव्वापाच महिन्यांच्या लेकीसोबत

"थोडी मोठी होऊ दे, मग आणा." त्या डिसेंबरात हे वाक्य मी दिवसाआड ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, मैत्रिणी म्हणाल्या, खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. माझी आजी मात्र म्हणाली नाही. ती वाईला असते, ९१ वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर लेक दिसली की ती पडद्यावरून बोट फिरवते आणि फोन बंद होतो. मामी पुन्हा लावून देते, पुन्हा तेच. एकदा तिने एवढंच विचारलं, "बोरन्हाण कुठं करणार गं?"

मी उत्तर दिलं नाही. त्याच रात्री नवऱ्याला म्हटलं, तिकिटं बघ.

बोरन्हाण पहिल्या संक्रांतीचं. रथसप्तमीपर्यंत करता येतं, पण पुढच्या वर्षी ते 'पहिलं' राहत नाही. आणि आजीच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी' हा शब्द मला उच्चारायचा नव्हता.

लेकीचा पासपोर्ट सुदैवाने आधीच काढला होता. १६ वर्षांखालच्या मुलासाठी अमेरिकेत आई, वडील आणि बाळ असे तिघेही समक्ष जावे लागतात. आम्ही टपाल कार्यालयात गेलो. फी १०० डॉलर आणि वर अर्ज स्वीकारण्याचे ३५. पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो. फोटो घरीच काढला: पांढऱ्या चादरीवर तिला उताणी झोपवलं, नवरा खुर्चीवर उभा राहिला, मी त्याच्या मागे खुळखुळा वाजवत होते. चाळीसेक फोटोंतला एक जमला. ओसीआय कार्डाला, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या कार्डाला, वेळ नव्हता, म्हणून तिच्यासाठी ई-व्हिसा घेतला. इथे एक सांगते, कारण आमच्या ओळखीतली दोन घरं यात फसली आहेत: ई-व्हिसाच्या नावाने अनेक बनावट संकेतस्थळं आहेत. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तरच पुढे जा.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा चार महिन्यांच्या लसी झाल्या होत्या. गोवराची लस परदेश प्रवासासाठी लवकर देतात, पण तीही सहा महिने पूर्ण झाल्यावरच. फ्लूचीही सहा महिन्यांनंतर. म्हणजे या दोन आजारांपुरती लेक उघडीच होती. डॉक्टर म्हणाल्या, तिला देता येत नाही तर तिच्या भोवतालच्या माणसांना द्या. मी मामाला फोन केला. अवघड वाटत होतं. घरच्या माणसांना 'लस घ्या, मग बाळाला घ्या' असं सांगायचं म्हणजे काय ते आपल्याकडे कळेल. मामा ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "सगळ्यांना घेऊन जातो." आजीसकट वाड्यातली सात माणसं फ्लूची लस घेऊन आली.

कुणीतरी सुचवलं होतं की विमानात सर्दीच्या औषधाचे चार थेंब पाजा, गाढ झोपते. डॉक्टरांनी ठामपणे नाही म्हटलं. एवढ्या लहान बाळाला झोपेसाठी असलं औषध द्यायचं नाही, ते धोक्याचं आहे. मला त्यांचं बोलणं पटलं. बाळाने रडू नये म्हणून नव्हे, तर बाळ सुखरूप पोचावं म्हणून आपण तयारी करतो.

निघालो त्या दिवशी बाहेर उणे १४ होतं. कारसीटमध्ये फुगीर जाकीट घालायचं नसतं, पट्टा अंगाला घट्ट बसत नाही. म्हणून साधं झबलं, टोपडं, पट्टे आवळले आणि वरून आजीची गोधडी. ही गोधडी आजीनेच शिवलेली, तिच्या जुन्या लुगड्यांची. आई बाळंतपणाला आली तेव्हा सामानात घेऊन आली होती. लेक जन्मल्यापासून तीत झोपते. ती कानाशी घेतल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही.

मार्ग शिकागो, अबू धाबी, मुंबई असा होता. पहिला टप्पा साडेतेरा तासांचा, दुसरा तीन तासांचा. दोन सारख्या लांबीच्या टप्प्यांचं तिकीट स्वस्त होतं, पण मला एकच लांब रात्र हवी होती. बाळ एकदा स्थिरावलं की मध्येच उठवून विमानतळभर फिरवायचं नाही, असा माझा हिशेब होता. सगळ्यात पुढच्या भिंतीसमोरची जागा तिकीट काढल्याबरोबर फोन करून मागून घेतली, कारण पाळणा तिथेच अडकवतात. त्या पाळण्याला वजनाची मर्यादा असते, विमान कंपनीगणिक वेगळी. लेक पावणेसात किलोची होती, तशी अडचण नव्हती.

सुरक्षा तपासणीत काढून ठेवलेल्या दुधाच्या दोन बाटल्या होत्या. बाळाच्या दुधाला १०० मिलिलिटरची अट लागू नाही, फक्त आधी सांगून वेगळ्या ठेवाव्या लागतात. बाटल्या तपासल्या, परत दिल्या. पाच मिनिटांचं काम.

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आमच्या कानांना दडे बसायचे, तेव्हा आजी म्हणायची, आवंढा गिळा. बाळाला गिळ म्हणता येत नाही, म्हणून विमान वर चढताना आणि उतरताना दूध पाजायचं. हे मला पाठ होतं. दार लागलं, विमान मागे सरकलं आणि मी लेकीला पदराखाली घेतलं. मग विमान थांबलं. शिकागोत जानेवारीत उडण्याआधी पंखांवरचा बर्फ द्रव फवारून काढतात. आमच्या पुढे रांग होती. खिडकीबाहेर पिवळ्या दिव्यात वाफेचे लोट उठत होते, पंखावरून द्रव ओघळत होता आणि माझी लेक पोट भरून पिऊन शांत झोपली. विमान खरंच धावायला लागलं तेव्हा ती प्यायला तयार नव्हती. मी करंगळी धुऊन घेतलेलीच होती, ती तिच्या तोंडात दिली. झोपेतच ती चोखत राहिली आणि आम्ही वर गेलो. तेव्हापासून ज्या कुणी विचारतात त्यांना सांगते: विमान हललं म्हणून पाजू नका, धावपट्टीवर वेग घेईपर्यंत थांबा.

विमानातली हवा महाबळेश्वरापेक्षाही विरळ असते, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्यासारखी, आणि फार कोरडी. ओठ सुकतात, बाळाचंही नाक चोंदतं. मी तिला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजलं आणि स्वतः तासातासाला पाणी मागून घेतलं. पाजणाऱ्या आईने पाणी मागायला संकोच करू नये.

पाळण्यात ती जेमतेम पावणेदोन तास सलग झोपली. अटलांटिकवर हवा खराब होती. पट्ट्याचा दिवा लागला की पाळण्यातून बाळ काढून मांडीवर घ्यावंच लागतं, कितीही गाढ झोपलेलं असलं तरी. त्या रात्री पाच वेळा दिवा लागला. चौथ्या वेळी तिला उचललं आणि हाताला ओल लागली. झबलं, दुपटं, गोधडीचा कोपरा, माझा कुर्ता, सगळं भरलं होतं. विमानातल्या संडासात बाळाला बदलायची फळी असते, पण सगळ्यांत नाही. आमच्या बाजूच्या दोनांपैकी एकात होती आणि त्याबाहेर रांग. रांगेतल्या आजोबांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि न बोलता बाजूला झाले. त्यांची भाषा मला येत नव्हती. मी हात जोडले.

तिच्या कपड्यांचे चार जोड होते, माझा एकही नव्हता. हातातल्या पिशवीत आईचाही एक जोड हवाच. उरलेले सहा तास मी नवऱ्याच्या स्वेटरमध्ये काढले. गोधडीचा कोपरा वाहत्या पाण्याखाली खळबळताना शिवण उसवली आणि आतलं हिरवं लुगडं दिसायला लागलं. तेवढ्याने माझा बांध फुटला. तेरा तासांत लेक एकदाच मोठ्याने रडली होती, मी मात्र त्या छोट्या जागेत बराच वेळ रडले.

अबू धाबीला तासभर उशिरा पोचलो. बाबागाडी विमानाच्या दारात मिळेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. ती परस्पर मुंबईला गेली होती. बदलीच्या ठिकाणी मिळणार की शेवटच्या, हे चिठ्ठी लावतानाच विचारून घ्यायला हवं. लेकीला कापडी झोळीत छातीशी बांधलं आणि चालत सुटलो. पुढचं विमान मिळालं.

मुंबईत पहाटेचे सव्वातीन. पारपत्र तपासणीच्या रांगेतून आम्हाला पुढे बोलावलं. लेकीच्या परदेशी पासपोर्टवर शिक्का मारताना अधिकारी बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "माहेरी आलीस काय?" एवढ्या लांबच्या प्रवासात तिच्याशी मराठीत बोललेलं पहिलं परकं माणूस. मला फार बरं वाटलं.

वाईपर्यंत गाडी ठरवली होती. कारसीट आम्ही सोबत नेली होती, आणि सगळ्या प्रवासात मला जर एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा असेल तर याच. बाळ मांडीवर घेऊन एक्सप्रेसवेने जाणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कारसीट काढली की घरचेच म्हणतात, कशाला, मी धरते की. ताशी ८०-१०० च्या वेगात करकचून ब्रेक लागला तर कुठल्याही हातांत बाळ राहत नाही. बाळांच्या बहुतेक कारसीट खालच्या बैठकीशिवाय (बेसशिवाय) गाडीच्या साध्या पट्ट्यानेही बसवता येतात, मात्र मागच्या सीटचा पट्टा आणि त्याचं कुलूप वापरात असायला हवं. आमच्या गाडीत पट्टा होता, कुलूप सीटच्या कव्हराखाली गाडलं गेलं होतं. चालककाका झोपेतून उठून आले होते, तरी त्यांनी सीट उचकटली, मोबाइलच्या उजेडात दोन्ही कुलपं वर काढली आणि पट्टा ओढून तीनदा तपासला. म्हणाले, "माझी नात पण एवढीच आहे." वाटेत मला त्यांच्याशी पुष्कळ बोलायचं होतं, पण खालापूर येईपर्यंत माझे डोळे मिटले.

एवढ्या लहान बाळाला त्या अर्धवट बसल्या स्थितीत सलग तासनतास ठेवायचं नाही, म्हणून दोनदा थांबलो. खंबाटकी चढलो तेव्हा उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, तोडलेल्या उसाच्या गाड्या, गुऱ्हाळाचा धूर. शिकागोतल्या पांढऱ्या शांततेनंतर हे सगळं डोळ्यांत मावेना.

आजी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं आणि मग दोन्ही हात पुढे केले. लेकीने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तिच्या तुळशीच्या माळेला मूठ घातली.

जानेवारीत शिकागो आणि वाईत साडेअकरा तासांचं अंतर असतं, म्हणजे दिवसाची जवळजवळ पुरती रात्र होते. पहिले पाच दिवस लेक रात्री एकला टक्क जागी व्हायची आणि चारपर्यंत खेळायची. दिवसा उजेडात ठेवा, रात्री दिवे लावू नका, बोलू नका, असं सगळं मी वाचलं होतं. पण दुसऱ्या रात्री मी पेंगत असताना आजीच उठून आली. तिला तशीही तीननंतर झोप नसते. "दे इकडं, तू पड." मी भिंतीकडे तोंड करून पडले. मागे आजीचा आवाज. ती तिला तिच्या लहानपणच्या कृष्णेच्या पुराबद्दल सांगत होती, घाटावर पाणी कुठपर्यंत चढलं, ढोल्या गणपतीपाशी किती आलं. यातलं बरंचसं मीही कधी ऐकलं नव्हतं. लेक मध्येच हुंकार देत होती आणि आजी थांबून "हो ना?" म्हणत होती. ज्यासाठी इतक्या लांब आलो ते त्या काळोखात चाललं होतं, आणि मी लेकीला वेळेवर झोपवायचा आग्रह सोडून दिला. सहाव्या दिवशी ती आपोआप वळणावर आली. मला वाईटच वाटलं.

एका गोष्टीत आजीशी वाद झाला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, पाचव्यात करून टाकू, असं तिचं म्हणणं, शिवाय जिभेला मधाचं बोट. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. ते मी निक्षून सांगितलं. उष्टावण सातव्यात, तेही विषमच. ती दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "सातव्यात तू तिकडं असणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

बोरन्हाण संक्रांतीलाच झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. हार आणि मुकुट फोटोपुरते घातले आणि लगेच काढले, ती ते तोंडात घालायला बघत होती. डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतले. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे पाटाभोवती उधळले आणि गल्लीतली पोरं त्यावर तुटून पडली. त्याच दुपारी मामाने डबीतून पाच सोन्याची फुलं काढली. पणतवंड पाहिलं की उधळतात ती. आमच्याकडे आजवर ती पणतू झाल्यावरच केली होती. मामाने कुणालाही न विचारता घडवून आणली होती. लेकीला मांडीवर देऊन आजीच्या डोक्यावर फुलं सोडली. त्यातलं एक तिच्या अंबाड्यात अडकून संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

नवरा दोन आठवड्यांनी परतला. मी आणि लेक चौथ्या आठवड्यात, आई सोबत. एकाच पालकासोबत बाळ निघणार म्हणून त्याच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र घेऊन ठेवलं. कुणी मागितलं नाही, पण मी पुन्हाही घेईन. परतीला अबू धाबीचा मोठा फायदा झाला: अमेरिकेची तपासणी तिथेच होते, त्यामुळे शिकागोला उतरल्यावर झोपलेलं बाळ घेऊन रांगेत उभं राहावं लागलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी गोधडी मागून घेतली आजीने. सुई मामीने ओवून दिली, टाके आजीने घातले. उसवलेल्या कोपऱ्यावर तिने बोरन्हाणाच्या झबल्यातून उरलेलं काळं कापड बसवलं, चौकोनी, तळहाताएवढं. आता फोनवर लेक दिसली की ती आधी विचारते, "धुतलीस का गं? टाका निघाला नाही ना?"