आमची वाटचाल : पडवीतल्या चार ट्रॉल्या

टेलिस्ट्रोक (लकव्याच्या पेशंटला न्यूरोलॉजिस्टची, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरची, दुरून मदत) म्हणजे नुसता व्हिडिओ कॉल, असं समजणाऱ्यांनी आम्हाला बुडवायचंच बाकी ठेवलं होतं.

कोकणातल्या सात हॉस्पिटलांत आमच्या ट्रॉल्या होत्या. तिथे सीटी स्कॅनचं मशीन होतं, न्यूरोलॉजिस्ट नव्हता. वारं गेलेला पेशंट आला की सीटी अख्खं डायकॉममध्ये (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलमध्ये) कोल्हापूरच्या न्यूरोलॉजिस्टला, आणि ट्रॉलीच्या कॅमेऱ्यातून तपासणी. झूम करून डॉक्टर तिकडून नजर कुठल्या बाजूला ओढलीय ते बघायचे. चाकं मी स्वतः निवडलेली, ब्रेकवाली. बारकी चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात.

२०१८ मध्ये एक बडी कंपनी आली. मोबाइलवर सीटीच्या फिल्मचा फोटो पाठवा, निम्मे पैसे! चार हॉस्पिटलं गेली. हप्ते चालू, आणि चार ट्रॉल्या आमच्या पडवीत चादरीखाली. फोटोला माझा विरोध नाही. हिमाचलात २०१४ पासून सरकारी डॉक्टर स्मार्टफोनवर न्यूरोलॉजिस्टला विचारून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. पण तिथे पलीकडे कोण ते ठरलेलं असतं. इथे फोटो जायचा ग्रुपवर, आणि ग्रुप झोपलेला.

उरलेल्यांपैकी कणकवलीकडच्या एक मॅडम तर अजिबात हलल्या नाहीत. वर्षाचं भाडं आगाऊ दिलं, वर म्हणाल्या, "तुम्ही बंद केलंत तर रात्री मी कुणाला उठवू?"

एका पावसाळ्यात पहाटे ४ला त्यांच्याकडे पेशंट आला. बायको म्हणे, साडेतीनला उठले तर हात उचलेना. झोपेतून उठल्यावर कळलं तर घड्याळ शेवटचा धडधाकट पाहिल्यापासून धरतात. जेवण ९ला, म्हणजे इंजेक्शनची ४.५ तासांची मुदत उलटलेली. एवढ्यात मुलगा म्हणाला, "रात्री एकला पाणी मागितलं, माझ्याशी बोलले की!" मग घड्याळ एकपासून. सीटीत रक्तस्राव नाही. प्रेशर २००, इंजेक्शनआधी ते १८५/११० च्या खाली आणेपर्यंत लाइट गेली, ट्रॉली बॅटरीवर. ४.५०ला इंजेक्शन सुरू.

नवीन येणाऱ्यांनो, सिमं दोन कंपन्यांची घ्या. यूपीएस चांगला असं विकणारा सांगेल, तुम्ही प्लग उपटून बघा.

पुढची वर्षं बरी गेली. सोडून गेलेल्यांपैकी तिघं परत आले. चौथी ट्रॉली अजून पडवीत आहे; दर रविवारी चार्ज करतो.