बाहुल्या, हिरवा पडदा आणि कुरतडलेल्या कडा

ग्रीन स्क्रीन म्हणजे मागे हिरवं कापड लावून चित्रीकरण करायचं आणि नंतर सॉफ्टवेअरने तो हिरवा कापून तिथे हवं ते चित्र बसवायचं. याबद्दल जी माहिती मिळते ती बहुतेक वेळा माणसांच्या व्हिडिओंसाठी लिहिलेली असते. खुर्चीत बसलेला, केस नीट विंचरलेला, फारसा न हलणारा माणूस. माझ्याकडे होत्या बाहुल्या: झुपकेदार शेपटीचा कोल्हा, पिवळ्या फेल्टचं बदक आणि एक बेडूक. तिघांपैकी एकही एका जागी स्वस्थ बसणारा नव्हता. या मंडळींना जंगलात, आगगाडीत आणि चंद्रावर पाठवण्याचं तंत्र हळूहळू कसं जमत गेलं, त्याची ही हकिकत.

बेडकाचा प्रश्न लगेच सुटला. तो हिरवा, म्हणून त्याच्यासाठी निळं कापड. बाकीच्यांसाठी हिरवंच, कारण बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, निम्मे ठिपके हिरवा रंग टिपणारे असतात. लाल आणि निळ्याच्या वाट्याला पाव-पाव हिस्सा येतो. त्यामुळे हिरव्यात गचाळ दाणे कमी दिसतात आणि कड स्वच्छ कापली जाते. कापड मात्र मंद पोताचं हवं. सॅटिनसारखं चकाकणारं काहीही चालत नाही. सुरकुत्या इस्त्रीने जातात, पण कापड चारही बाजूंनी चिमटे लावून ताणलं की इस्त्रीचीही फारशी गरज उरत नाही.

खरी कसोटी अंतराची. बाहुली लहान, म्हणून कापडही लहान पुरेल असं वाटतं आणि माणूस बाहुली पडद्याला खेटून धरतो. मग पडद्यावर सावली पडते आणि पडद्याचा हिरवा उजेड परतून बाहुलीच्या पाठीवर, कानांवर चढतो. निदान दीड मीटर अंतर ठेवलं की हे दोन्ही त्रास निम्म्याहून कमी होतात. पण अंतर वाढवलं की कापड चौकटीत अपुरं पडतं. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा मागे नेऊन झूम करायचं. दृश्याचा कोन अरुंद झाला की मागे लागणारं कापडही कमी होतं. माझी खोली त्यासाठी जेमतेम पुरली. ट्रायपॉड थेट दारात लावावा लागायचा आणि चित्रीकरण चालू असेपर्यंत घरातल्या कुणाला आत-बाहेर करता यायचं नाही.

पडद्याला दोन बाजूंनी दोन दिवे, बाहुलीला वेगळा एक. पडद्यावर उजेड सारखा पसरलाय का, हे डोळ्यांना कळत नाही. मी मोबाइलचं एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, मुद्दाम खूप खाली आणून बघते, म्हणजे उजळ-काळपट डाग लगेच उठून दिसतात. आणि पडदा भगभगीत करू नये. फिक्का पडलेला हिरवा कापायला अवघड जातो आणि बाहुलीवर हिरवी झाकही जास्त मारतो.

एवढं सगळं जमल्यावर धाकटा भाऊ स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणाला, "ताई, कोल्ह्याच्या डोळ्यातून चंद्र दिसतोय."

खरंच दिसत होता. प्लॅस्टिकचे गोल, चकचकीत डोळे आरशासारखे असतात. समोरच्या भिंतीवर, टेबलावर जे काही हिरवं असेल ते त्यांत उमटतं आणि सॉफ्टवेअर बिचारं तेवढा भागही कापून टाकतं. आमच्याकडे उरलेलं कापड घडी करून कॅमेऱ्याशेजारीच ठेवलं होतं. ते उचललं, डोळ्यांवर चमक घालवणाऱ्या वार्निशचा हलका हात फिरवला आणि भोकं गेली. पण डोळ्यांतली चमक पूर्ण मारली की बाहुली मेल्यासारखी दिसते, म्हणून बाहुलीचा दिवा किंचित सरकवून बुबुळावर एकच पांढरा ठिपका राहू दिला.

मोबाइलवर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय) कुलूपबंद करणं इथे सक्तीचंच आहे. कोल्हा उडी मारून पुढे आला की ऑटोमॅटिक कॅमेरा सगळी चौकट नव्याने मोजतो आणि मागचा हिरवा वाक्याच्या मध्येच बदलतो. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ टिपायचा, तोही हाताने ठरवावा. बोलताना बाहुलीचं तोंड फटाफट उघडतं-मिटतं. संथ शटरमध्ये ओठांची कड हिरव्यात विरघळते, अति जलद केला तर हालचाल तुटक दिसते. सेकंदाला २५ फ्रेम असताना १/१०० सेकंद मला मानवला. ५० हर्ट्झच्या विजेवर या वेगाला दिव्यांची फडफडही दिसत नाही. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० बघावा.

कडा कुरतडल्यासारख्या दिसण्याचं कारण मला बरंच उशिरा कळलं. मोबाइल सहसा उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच. पडदा तर रंगावरूनच कापायचा असतो! म्हणून चित्रीकरण ४के (३८४० × २१६० पिक्सेल) करावं आणि अंतिम व्हिडिओ १०८० (१९२० × १०८०) मध्ये काढावा. ४केमधली रंगाची माहिती १९२० × १०८० एवढीच असते, म्हणजे छोट्या चौकटीला ती पुरेपूर होते. शेपटीच्या लोकरीत पडलेला फरक बघून मी जुनी दृश्यं नव्याने चित्रित केली.

संपादनासाठी मी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरते. आधी बाहुलीभोवती सैलसर मास्क (बाहेरचा भाग लपवणारी रेघ) काढून दिवे, चिमटे, माझं कोपर असली अडगळ उडवते. मग रंगीत चित्र बंद करून फक्त काळं-पांढरं मॅट बघते, म्हणजे काय राहणार आणि काय कापलं जाणार हे दाखवणारं चित्र. बाहुली ठार पांढरी, मागचं ठार काळं आणि केसांच्या टोकांना राखाडी. ही राखाडी पुसून टाकायचा मोह आवरायला हवा, नाहीतर लोकर कात्रीने कापलेल्या कागदासारखी दिसते. कोल्ह्यासाठी मी दोन की (हिरवा कापण्याच्या सेटिंग) लावते, अंगासाठी कडक आणि शेपटीच्या काठासाठी मऊ.

हिरवी झाक काढताना बदकाने वेगळाच घोळ घातला. पिवळा रंग म्हणजे व्हिडिओच्या भाषेत लाल अधिक हिरवा. हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीपर्यंत खाली आणणारी पद्धत लावली की बदक नारिंगी होतं. हिरवा फक्त लालपेक्षा वर जाऊ नये, एवढीच मर्यादा घातली की पिवळा शाबूत राहतो. तशी सोय हाताशी नसेल तर झाक काढणं अंगभर न लावता काठापुरतं लावावं.

आणि बाहुली नाचवणारा हात? हिरवी बाही घालून हात गायब करायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. बाही कॅमेऱ्याच्या जवळ, घड्यांनी भरलेली, तिच्यावरचा उजेड वेगळा, त्यामुळे कीची मर्यादा उगाच सैल करावी लागते. मी पुढे पुठ्ठ्याची बुटकी भिंत किंवा कुंपण ठेवते. हात झाकला जातो आणि बाहुली कशाच्या तरी मागे उभी असल्यामुळे हवेत तरंगल्यासारखी वाटत नाही. मागचं चित्र थोडं धूसर करते आणि त्यातला सूर्य ज्या बाजूला असेल त्याच बाजूला बाहुलीचा दिवा लावते. म्हणून मागचं चित्र आधी निवडायचं, चित्रीकरण नंतर.

आता चतुर करायचा आहे, पारदर्शक कागदाच्या पंखांचा. पंखांतून पडदाच दिसतो, त्यामुळे हिरवा कापला की पंखही जातात. त्याच्यासाठी सध्या तरी पडदा गुंडाळून ठेवलाय; कुंडीतल्या खऱ्या पानांमागून उडवते आहे.