सायनायटिकस वाचन, महिना चौथा : लूकमधला गळालेला लेवी

या महिन्यात लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय सायनायटिकस या बायबलच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितावरून वाचून पूर्ण झाला. पान अजूनही डोळ्यांना जड जाते, कारण एका पानावर चार स्तंभ, प्रत्येक स्तंभात ४८ ओळी, शब्दांमध्ये जागा नाही, आणि ‘देव’, ‘प्रभू’, ‘येशू’ असे शब्द दोन अक्षरांत आखडून त्यांवर आडवी रेघ ओढलेली असते. सुरुवातीला एका स्तंभाला दोन संध्याकाळी लागत. आता तो एका बैठकीत होतो.

चौथ्या शतकातील ही प्रत सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिन मठातली. तिची पाने आज लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि खुद्द मठात विखुरलेली असली, तरी २००९पासून ती संगणकावर एकत्र पाहता येतात.

दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. जखमी माणसाला पाहून आधी याजक आणि मग लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, असे दोघेही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जातात. ३१ आणि ३२ ही दोन्ही वचने ग्रीकमध्ये ‘अन्तिपारेल्थेन’ या एकाच क्रियापदाने संपतात. लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि लेवी मूळ लेखनातून गळाला. मागाहून दुरुस्ती करणाऱ्याने ते वचन भरून काढले. मी वाचलेला मजकूर वहीत उतरवून घेतो. गेल्या आठवड्यात दोन ओळींचा शेवट सारखा असल्यामुळे मधली ओळ माझ्याकडूनही अशीच सुटली आणि ताळा पाहताना सापडली. तेव्हापासून त्या अनामिक लेखनिकाविषयी मला फार आपुलकी वाटते.

अशी चूक दुसऱ्या प्रतीवरून लगेच उघडी पडते. सायनायटिकसहून जुन्या मानल्या जाणाऱ्या पंचाहत्तर क्रमांकाच्या पपायरसात, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरील प्रतीत, लेवी जागच्या जागी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना पाठभेद तोलण्याची ही रीत परकी वाटणार नाही.

नव्या करारातल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ३:१६ हे वचन मात्र इतके सोपे नाही. तिथे मूळ हाताने ‘होस’, म्हणजे ‘जो’, लिहिले आहे. पुष्कळ नंतरच्या हाताने वर दोन अक्षरे घालून त्याचे ‘थेऑस’, म्हणजे ‘देव’, केले. आखडून लिहिलेल्या ‘देव’मध्ये आणि ‘जो’मध्ये फरक असतो तो एवढाच, की पहिल्या अक्षराच्या पोटात एक आडवी रेघ आणि शब्दावर दुसरी. ‘जो देहात प्रकट झाला’ आणि ‘देव देहात प्रकट झाला’ या दोन वाक्यांत मात्र केवढे अंतर आहे! जुना पाठ ‘जो’ हाच, असे माझे मत झाले आहे. नवा करार विश्वसनीय आहे की नाही, या सरसकट प्रश्नात म्हणूनच मला अर्थ वाटत नाही. तो प्रश्न प्रत्येक वचनापाशी वेगळा विचारावा लागतो.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटाशी तर हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. सायनायटिकसमध्ये मार्क १६:८ला, येशूच्या रिकाम्या कबरीपाशी गेलेल्या स्त्रियांविषयीच्या ‘कारण त्या भ्याल्या होत्या’ या शब्दांपाशीच संपतो. पुढची बारा वचने, जी बहुसंख्य उत्तरकालीन प्रतींत आहेत, ती इथे नाहीत. व्हॅटिकनस या तितक्याच जुन्या प्रतीतही मार्क तिथेच थांबतो, पण लेखनिकाने त्यापुढे एक अख्खा स्तंभ कोरा सोडला आहे. पुढच्या महिन्यात सायनायटिकसमधले मार्कच्या शेवटाचे पान उघडणार आहे.