डोलीतला कचरा आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे

पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि ती उठल्यानंतरचे पहिले काही आठवडे आमच्या कामात सर्वांत जड जातात. मुंबईच्या उपनगरांतले नाले दोन महिने जे काही वाहून आणतात ते ओशिवरा नदीतून मालाडच्या खाडीत उतरते आणि तिथून वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) तोंडाशी येऊन भरती-ओहोटीबरोबर पुढेमागे होत राहते. वेसाव्याचे बरेच कोळी डोलीने मासेमारी करतात. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले, नरसाळ्यासारखे निमुळते होत गेलेले जाळे. ते माशांच्या मागे जात नाही; पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून उभे राहते आणि ओढ जे आणील ते पोटात घेते. टोकाला त्याचा आस, म्हणजे जाळीचे छिद्र, इतका बारीक असतो की जवळाही निसटत नाही, मग बिस्किटांची वेष्टने आणि शाम्पूच्या पुड्या कशा निसटतील? त्या टोकाशी साचून बसल्या की पाणी अडते, जाळ्यावर ताण येतो आणि कधीकधी डोल फाटूनच वर येते.

सुका कचरा वेगळा करून पुढे पाठवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. वेसाव्याच्या काही तांडेलांशी, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांशी, आमचे असे ठरले होते की जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा पाण्यात न झटकता त्यांनी गोणीत भरून बंदरावर आणावे आणि आम्ही ते निवड न करता, म्हणजे बाटल्या उचलून बाकीचे तिथेच न टाकता, सगळेच्या सगळे न्यावे. ही कल्पना आमची नव्हे. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरावर २०१७ पासून मच्छीमारांनी असे प्लास्टिक किनाऱ्यावर आणले आणि त्याचा चुरा डांबरी रस्त्यांसाठी वापरला गेला. तिथे सरकार, बंदर आणि मच्छीमार संघटना एकत्र होत्या. आमच्याकडे होता तो भाड्याचा टेम्पो आणि तोंडी शब्द.

नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणात एके सकाळी बंदरावर गोण्यांची रांगच लागली. तांडेलांनी आपला शब्द पाळला होता. अडले ते पुढे. वेष्टने आणि पुड्या अनेक थरांच्या प्लास्टिकच्या असल्यामुळे भंगारवाला त्यांना हात लावत नाही, म्हणून असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. परंतु समुद्रातून आलेल्या प्लास्टिकवर मीठ असते, मिठात क्लोरीन असते आणि क्लोरीन वाढले की भट्टीच्या आत थर साचू लागतात, त्यामुळे माल पुढे नेणाऱ्या ठेकेदाराने गोण्या पाहताच हात झटकले. गोड्या पाण्याने धुऊन द्या, म्हणाला. ज्या कोळीवाड्यात पिण्याच्या पाण्यासाठी हंडे रांगेत लागतात तिथे कचरा धुवायला गोडे पाणी कोण देणार?

मी फोनवर त्याच्याशी वाद घालत असताना मासळी निवडायला बसलेल्या बायकांपैकी एका मावशींनी मला हाक मारली. "आमी काय तुमचा कचरा निवडाला बसलाव?" असे त्यांनी विचारले आणि माझ्यासमोर एक परात सरकवली. परातीत दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे होते, नखाएवढे, त्रिकोणी, काहींवर निळ्या छपाईची जेमतेम एक रेघ उरलेली. मावशींनी ते मुद्दाम वेगळे काढले होते. बाटली किंवा पिशवी जवळ्यातून उचलणे सोपे असते. हा कोपरा मात्र ओला असताना जवळ्याइतकाच पारदर्शक दिसतो, जवळ्याला चिकटतो आणि वाळवणात सुकल्यावरच नजरेस पडतो. सुक्या जवळ्यात प्लास्टिक सापडले की व्यापारी भाव पाडतो. म्हणजे शहराच्या कचऱ्याची निवड या बायका आधीपासूनच करत होत्या, तीही स्वतःच्या वेळात आणि बिनमजुरीची, आणि आमच्या करारात त्यांचा उल्लेखही नव्हता, कारण करार झाला होता तांडेलांशी.

त्याच संध्याकाळी ओशिवऱ्याच्या काठावरील एका मोठ्या गृहसंकुलात आमची बैठक ठरलेली होती. मी मावशींना सोबत येण्याची विनंती केली आणि त्या बरणीत ते कोपरे भरून आल्या. संकुलाच्या सेक्रेटरींचे म्हणणे होते की त्यांच्याकडे ओला-सुका कचरा वेगळा होतो आणि रोज गाडीत जातो, तेव्हा समुद्राशी त्यांचा संबंध येत नाही. मावशींनी बरणी टेबलावर उपडी केली. कोपरा कापून ओट्यावर टाकला की तो भांड्यांच्या पाण्याबरोबर मोरीत जातो, हे बऱ्याच जणांना तेव्हाच उमगले असावे. नाल्यांच्या तोंडाशी महापालिकेने तरंगते अडथळे लावले तरी त्यांत अडकतात त्या बाटल्या. एवढासा तुकडा खालून, बाजूने कसाही निघून जातो. (ओशिवरा नदी उगम पावते ती आरे दुग्धवसाहतीच्या परिसरात, हा योगायोग मला एरवी विनोदी वाटला असता.)

पुढचा मुद्दा मात्र संकुलात घरकाम करणाऱ्या आणि नाल्याकाठच्या वस्तीत राहणाऱ्या एका ताईंनी मांडला. घरात दिवसाला एक-दोन पिशव्या फुटतात, नाल्यालगतच्या चहाच्या टपऱ्यांवर पहाटेपासून डझनांनी फुटतात आणि कोपरे थेट गटारात जातात, असे त्यांनी सांगितले, आणि टपरीवाल्यांशी बोलण्याचे कामही स्वतःकडे घेतले. कोपरा पूर्ण न तोडता अर्धवट कापून पिशवीलाच लटकत ठेवणे ही साधी सवय आहे आणि टपरीवाल्याला ती पटण्यासाठी प्रदूषणावर भाषण द्यावे लागत नाही. रिकामी पिशवी भंगारात विकली जाते, कोपरा तिच्याबरोबरच गेला तर त्याचे काही बिघडत नाही. एक-दोघांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी मानले.

धुण्याच्या पाण्याचा प्रश्नही त्याच बैठकीत सुटला आणि तो सुटेल असे मला अजिबात वाटले नव्हते. संकुलात सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र आहे. त्यातले बागेला पुरून उरणारे पाणी गटारातच सोडले जात होते. ते टाकीत साठवून आमच्या गोण्या तिथे धुण्यास समितीने परवानगी दिली, अट एवढीच की वास येऊ नये म्हणून माल आदल्या दिवशी बंदरावर वाळवलेला असावा. ठेकेदार आता तो माल घेतो, थोडी कटकट करतो, पण घेतो.

फाटलेल्या जाळ्याचे मात्र तसेच पडून आहे. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला राज्याकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे कासवे वाचली, हे तांडेलही मानतात. तीच डोल प्लास्टिकच्या भाराने फाटली तर भरपाई नाही. तांडेलांनी यासाठी अर्ज केला आहे आणि मला त्यांची मागणी रास्त वाटते. मावशींनी आपली अट त्याआधीच घातली: पुढच्या हंगामापासून कचरा निवडण्याची मजुरी दर पाटीला ठरवायची आणि ती बायकांच्या हातात द्यायची. दर अजून ठरलेला नाही. त्या सांगतात तो आम्हाला झेपत नाही आणि आम्ही सांगतो त्यावर त्या हसतात.