एक मासा, तोही सोडून दिला

मालवणजवळच्या देवबागहून मासेमारी करून येऊन तीन आठवडे झाले आणि ऑफिसात ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, किती मिळाले? एक. मग लगेच पुढचा, कसा लागला? तर तो खाल्लाच नाही, सोडून दिला. इथे बहुतेक लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात आणि विषय बदलतात. म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू.

आधी हे सांगतो की मी काही अँगलर वगैरे नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच भागात एका वॉटरस्पोर्ट्सवाल्याकडून 'फिशिंग ट्रिप' घेतली होती, भर दुपारी दीड वाजता होडीत बसवलं, हातात प्लास्टिकची बाटली दिली, बाटलीला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला गरी आणि गरीला कोळंबीचा अर्धा तुकडा. चाळीस मिनिटांत दोन वितभर शिंगाळे लागले, त्यातल्या एकाने अंगठ्यात काटा मारला (शिंगाळ्याचा काटा ज्यांना लागलाय त्यांना विचारा, संध्याकाळपर्यंत हात ठणकत होता) आणि ट्रिप संपली. तेव्हा ठरवलं की परत असलं काही नाही.

पण मित्राला इन्स्टावर रील बघून बघून लुअर फिशिंगचं, म्हणजे खऱ्या आमिषाऐवजी नकली मासा लावून मासे धरण्याचं, वेड लागलं. त्याने कर्ली खाडीत रॉड-रीलवर मासेमारीला नेणाऱ्या एका माणसाचा नंबर कुठूनतरी काढला आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं शनिवार-रविवार बघून येतो. तर पलीकडून, "वायच थांबा, कालनिर्णय बघतंय." मला वाटलं सुट्ट्या बघतायत. ते तिथी बघत होते. "शनवार नको. अष्टमी येता. अष्टमीक पाणी चलत नाय."

हे मला नीट समजावून घ्यायला दोन फोन लागले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली जाते, मधल्या सहा तासात पाण्याला भरपूर अंतर कापायचं असतं म्हणून ते जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी, पाणी सुस्त. आणि खाडीतला शिकारी मासा स्वतः फार धावाधाव करत नाही, तो दगडाच्या, मुळाच्या आडोशाला उभा राहतो आणि पाणी त्याच्यासमोर काय आणून टाकतं त्याची वाट बघतो. पाणी चाललं नाही तर ताट वाढलंच जात नाही, मग तो कशाला हलेल. अगदीच भर उधाणही त्यांना नको होतं, तेव्हा पाणी गढूळ होतं आणि लुअर दिसत नाही म्हणे. शेवटी वद्य द्वादशी ठरली. म्हणजे गुरुवार. म्हणजे रजा.

भरतीची वेळ काढायची जुनी युक्तीही त्यांनीच सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी म्हणजे बारा, बाराचे पाऊणपट नऊ, तर नऊच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. मी ॲपवर ताडून बघितलं, थोडा फरक होता पण थोडाच, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं हे ॲपमध्ये नव्हतंच.

कुडाळला उतरून मालवणमार्गे देवबाग. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली, आणि टोकाला दोघांचा संगम. पलीकडे भोगवे. रात्री झोपताना एका कानाला लाटा ऐकू येतात आणि दुसऱ्या कानाला काहीच नाही, तीच खाडी.

साडेपाचला धक्क्यावर. पूर्वेला वद्यातली बारीक कोर, बाकी मिट्ट काळोख, आणि डिसेंबर असून स्वेटर लागावा इतका गार मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे. मी उत्साहात त्यांना "चला तांडेल" (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) म्हटलं तर ते हसायला लागले, "तांडेल मोठ्या होडयेवर असता, मी आपलो खाडयेतलो." मग दादाच म्हणालो. छोटी फायबरची होडी, मागे इंजिन, पण इंजिन अर्ध्या वाटेतच बंद करून त्यांनी बांबू घेतला. वल्हवताना पण होडीच्या कडेवर आवाज झाला की त्यांच्या कपाळाला आठी. मी लाइफ जॅकेटची चेन वर करत होतो, तो आवाज सुद्धा चालला नाही. पाण्यात हात घातला की बोटांभोवती निळसर चमकायचं, ते मात्र मी परत परत केलं, त्याला आवाज नव्हता.

सामानाबद्दल दोन ओळी, ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांच्यासाठी. सात फुटी रॉड, मधल्या साइजचं स्पिनिंग रील, बारीक पण दणकट ब्रेडेड लाइन आणि तिच्या टोकाला हातभर लांबीचा जाड दोरा, म्हणजे लीडर. लीडर कशाला तर चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, साधी तंगूस एका झटक्यात कापते. चोणक म्हणजे आपला जिताडा, रायगडात जिताडा आणि गोव्यात चोणक, दादा गोव्यासारखं चोणकच म्हणत होते. कोळंबी-बिळंबी काही नाही, रबरी मासा आणि त्याच्या डोक्यात शिसं.

तांबडं फुटायला लागल्यावर पहिली जागा, जांभ्याच्या एका पडक्या बांधाजवळ. मी आपला दगडावर नेम धरून टाकतोय. "दगडार नको. दगडाच्या मागे टाका, थंय पाणी फिरता." आता मला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं, खरं सांगतो. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा कुठे कळलं की दगडाच्या पाठीमागे एक ताटाएवढा भाग आहे तिथे फेस पुढे न जाता गोल गोल फिरतोय. तेवढाच. दहावेळा टाकलं असेल, त्यातलं दोनदा तिथे पडलं, आणि दुसऱ्यांदा पडलं तेव्हा रॉड जवळजवळ हातातून गेला.

चार सेकंद. पुढच्या चार सेकंदांत काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. मित्र ओरडतोय, रीलमधून दोरा करकरत जातोय, दादा म्हणतायत "धरा, धरा, दगडात जावक देव नका", आणि मग एकदम सगळं सैल. लीडर दगडावर घासून तुटलेला. दादांनी टोक बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तांबोशी. गेलो." तांबोशी घाव घातल्या घातल्या उलट फिरून बिळात शिरते, पहिल्या दोन सेकंदात तोंड वळवलं तर आपली नाहीतर तिची. माझ्या वडलांनी आयुष्यभर बाजारातून तांबोशी आणून खाल्ली पण ती अशी वागते हे त्यांनाही माहीत नसणार.

नंतर दीड तास काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही. मित्राला एक छोटा गोबरा लागला, गरीपेक्षा थोडा मोठा, फोटो काढून सोडला. नऊ वाजता पाणी थांबलं, ते पण त्यांनी दाखवलं तेव्हा कळलं, तरंगणारं एक वाळकं पान होतं ते जागच्या जागी उभं. आता अर्धा तास काय्येक होणार नाही म्हणून त्यांनी नांगर टाकला, थर्मासमधला चहा आणि खाजा काढला. समोर पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड माडावर बसलेला, त्याचंही तेच चाललं असावं.

चहा पिताना मी विचारलं की खाडीच्या मुखाशी जाऊया का, तिकडे मोठे मासे असतील. तर म्हणाले ओहोटी लागली की नाही. बाहेर जाणारं खाडीचं पाणी आणि आत येणारी समुद्राची लाट वाळूच्या दांड्यावर समोरासमोर भिडतात आणि लाट जागच्या जागी उभी राहते, छोटी होडी तिथे आडवी सापडली तर संपलं. आणि वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, म्हणजे गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटावर पर्यटकांच्या होड्या एव्हाना लागायला लागल्या होत्या, डीजेचा आवाज इथपर्यंत. दादांनी तिकडे बघितलं सुद्धा नाही. आपल्याला उलट्या बाजूला, आत जायचंय म्हणाले.

आत म्हणजे कांदळवनात. इथे चिप्पीची झाडं आहेत, चिखलातून वर आलेली सरळ टोकदार मुळं, २०२० मध्ये महाराष्ट्राने जिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं ती हीच. भरतीचं पाणी या मुळांमध्ये शिरतं तेव्हा कोळंबीची पिल्लं, शेवट्याची पिल्लं सगळी त्याच्याबरोबर आत जातात, खायला मिळतं आणि लपायलाही. पण ओहोटी लागली की पाणी आत राहू शकत नाही, बारीक बारीक ओहोळ होऊन बाहेर पडतं आणि या सगळ्यांना नाइलाजाने त्याच दारातून बाहेर यावं लागतं. दाराशी कोण उभा असेल ते सांगायला नको. लोकल सुटताना दादरच्या जिन्यावर उभं राहून ओळखीचा माणूस शोधावा तसं.

दादांनी अशी तीन दारं सोडून दिली. मला कळेना, सगळी सारखीच तर आहेत. चौथ्याला थांबले. तिथे ओहोळाचं चहाच्या रंगाचं पाणी आणि खाडीचं हिरवट पाणी यांच्यामध्ये एक रेघ होती, स्वच्छ, आखल्यासारखी. "वायच थांबा. पाणी फिरला की मासो येतलो." वीस मिनिटं थांबलो. डास. मित्राचं फोन बघणं. मग ते म्हणाले टाका, रेघेच्या पलीकडे टाका आणि हळू आणा, अजून हळू, तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू.

तिसऱ्या वेळेला कंटाळा येत असतानाच थप्प. तांबोशीसारखा झटका नव्हता, कोणीतरी दार लावून घेतल्यासारखा आवाज आणि मग वजन. मी ओढायला लागलो आणि दादा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "सोडा! ओढू नका! जावक देवा!" तेवढ्यात तो पाण्याबाहेर आला, आख्खा, तोंड उघडं, डोकं हलवत, सकाळच्या उन्हात चांदीसारखा आणि डोळे लालसर, आणि परत पडला तेव्हा धोपटल्यासारखा आवाज. चार उड्या मारल्या. प्रत्येक उडीला माझ्या पोटात गोळा. दहा-बारा मिनिटं तरी चाललं असेल, मित्र म्हणतो पाच. हातातली जाळी दादांनी शेवटच्या क्षणापर्यंत पाण्यात घातली नाही, जाळी बघितली की परत पळतो म्हणून.

८८ सेंटिमीटर. वजन केलं नाही, आठेक किलो असेल असा त्यांचा अंदाज. आणि इथे माझ्या डोक्यात जे आलं ते प्रामाणिकपणे लिहितो, डोक्यात हळद-मीठ आलं. आगळ आलं. माझं आजोळ अलिबागकडचं, तिकडे जिताडा हा मासा नाही, दर्जा आहे. पूर्वी कचेरीत काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचे, आणि जावई येणार म्हटलं की जिताड्याची शोधाशोध. आणि तो आता माझ्या मांडीवर.

दादा म्हणाले सोडूया. फोनवर बोललेच होते म्हणे, मोठा चोणक सोडतो. बोलले असतील, मला वाटलं होतं मोठा कुठला लागतोय आपल्याला. कारण असं की चोणक लहानपणी नर असतो आणि वाढला की मादी होतो, हे मला खोटंच वाटलं होतं, नंतर वाचलं तर खरंच तसं आहे. म्हणजे एवढे मोठे जे उरलेत त्या बहुतेक माद्या. "पावसाळ्यात मुखाशी जावन लाखांनी अंडी घालतली ही." यात भाबडेपणा काही नव्हता बरं का, त्यांचा स्वतःचा भाऊ जाळ्यावर जातो, जाळ्यात आलेला चोणक विकतो, आणि दोन-तीन किलोचा लागला असता तर त्यांनीच साफ करून दिला असता. हिशोब सरळ होता, बाजारात तो एकदा विकला जातो, खाडीत राहिला तर तुमच्यासारखी माणसं परत येतात. अर्ध्या दिवसाचे आम्ही दोघांचे मिळून साडेचार हजार दिले होते, तर हिशोब चुकीचा म्हणता येत नाही.

सोडणं म्हणजे नुसतं टाकून देणं नाही, हेही मला माहीत नव्हतं. पोटाखाली हात धरून, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायचा, कल्ल्यातून पाणी जाऊ द्यायचं. एवढा मोठा मासा उभा लटकवून फोटो काढायचा नाही, त्याचं वजन त्याच्याच जबड्याला पेलत नाही. मी धरला होता. दोनेक मिनिटं तो नुसता होता, मग शेपटी एकदा हलली, मग हातातून गेला. जाता जाता कल्ल्याने तर्जनी कापली, अजून व्रण आहे.

साडेअकराला धक्क्यावर. आम्ही जिथे उतरलो होतो त्या खोलीवाल्या काकूंना मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की उद्या मासा आणतो, तुम्ही फक्त वाटण करून ठेवा, आणि त्या काही बोलल्या नव्हत्या, नुसत्या हसल्या होत्या. आत गेलो तर ओटीवर घट मांडलेला, पाच फळं, वेणी. मार्गशीर्षातला गुरुवार! म्हणजे पोतंभर मासा आणला असता तरी त्या घरात चूल लागली नसती. तिथी बघितली, वार बघितला, महिना बघायचा राहिला. जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी, आणि उपासाची म्हणून काकूंना वेगळी साबुदाण्याची खिचडी.

संध्याकाळी आईला फोन केला, फोटो आधीच पाठवला होता. तिने सगळं ऐकून घेतलं, अंडी, नर-मादी, ओहोटी सगळं. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"अरे सोडलास तो सोडलास," म्हणाली, "डोकं तरी आणायचंस."