उपसूचनेसह मंजूर

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत महापौरांच्या आसनाखाली नगरसचिवांचं टेबल असतं. त्या टेबलाच्या कडेला बसून मी सभेचं इतिवृत्त लिहिते. सांगणार आहे ती सभा बरीच जुनी, सभागृह निवडून आलेलं होतं तेव्हाची. त्या दिवशी दोन विषय महत्त्वाचे होते. एक मिळकतकरावरच्या शास्तीचा, म्हणजे दंडाचा, दुसरा झोन, म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर, बदलण्याचा. पहिला दुपारभर चालला. दुसऱ्याला माझ्या लघुलिपीच्या वहीत पाच ओळी पुरल्या. दोन्ही विषय एकाच वस्तीचे होते. हे सभागृहातल्या किती जणांना कळलं होतं, या प्रश्नावर मी अजून अडकून आहे.

इतिवृत्त म्हणजे सभेत जे घडलं ते सगळं, असं बाहेर वाटतं. प्रत्यक्षात भाषणं, घोषणा, राजदंडाची पळवापळव यातलं ठरावात काही उतरत नाही. ठरावात येतो विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि मजकूर. बहुतेक विषय वाचलेही जात नाहीत. नगरसचिव क्रमांक पुकारतात, समोरून ‘वाचला असे समजण्यात यावे’ असा आवाज येतो, मग ‘मंजूर, मंजूर’, की पुढचा विषय. एखाद्या सदस्याला मजकुरात बदल हवा असेल तर तो लेखी उपसूचना देतो. ती चिठ्ठी आमच्या टेबलावर येते आणि स्वीकारली गेली की मूळ प्रस्तावाइतकीच वजनदार होते.

आता वस्तीबद्दल. शहराच्या कडेचं हे गाव हद्दीत उशिरा आलं. शेतकऱ्यांनी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली, कामगारांनी ती घेतली, एकेक खोली करत घरं उभी राहिली. विकास आराखड्यात मात्र तो पट्टा शेती झोनमध्येच राहिला. शेती झोनमध्ये अशा घरांना बांधकाम परवानगी मिळत नाही, आणि परवानगी नाही म्हणजे घर अनधिकृत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६७-अ प्रमाणे ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर तेव्हा दरवर्षी मिळकतकराच्या दुप्पट शास्ती लागायची. चार हजार कर असेल तर आठ हजार शास्ती, मिळून बारा हजार. थकलं की महिन्याला दोन टक्के वर. एवढं भरूनही बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. शास्ती थांबते ती घर नियमित झाल्यावर, आणि त्या वस्तीतलं घर नियमित व्हायला आधी झोन बदलावा लागणार होता.

एवढी एक साखळी समजली की त्या दिवसाचा सगळा अर्थ लागतो. ती लोकांना कोणी समजावून सांगितलेली नव्हती.

सभेच्या दिवशी प्रेक्षक गॅलरी सकाळपासून भरलेली होती. बायका जास्त. पिशव्यांमध्ये कराची बिलं. शास्ती माफीच्या विषयावर सगळ्या पक्षांचे सदस्य बोलले. खूप चांगलं बोलले, हेही मला सांगायला हवं. एका सदस्याने एका घराच्या बिलाचा एकेक रकाना वाचून दाखवला: सर्वसाधारण कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिस्सारण, वृक्ष कर, शिक्षण कर, आणि शेवटी या सगळ्यांपेक्षा मोठा आकडा. गॅलरीतून टाळ्या पडल्या.

कर संकलन विभागाचे अधिकारी खुलासा करायला उठले. त्यांचं म्हणणं साधं होतं. कराचे दर ठरवणं सभागृहाच्या हातात आहे, म्हणून तर ते दर वर्षी २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. वेळेत भरणाऱ्याला सवलत देता येते. शिक्षण कराला मात्र हात लावता येत नाही, कारण तो राज्याचा कर आहे आणि महापालिका तो फक्त गोळा करते. शास्ती तर कायद्यानेच लावलेली. ती माफ करायची तर कायदा बदलायला हवा किंवा शासनाचा निर्णय हवा. म्हणजे सभागृहाने काहीही ठरवलं तरी त्याची किंमत शिफारशीपुरतीच. हे सगळं विषयपत्रासोबतच्या, म्हणजे सभेपुढे ठेवलेल्या प्रस्तावाच्या कागदासोबतच्या, विधी विभागाच्या अभिप्रायात छापलेलं होतं आणि प्रत्येक सदस्याच्या घरी सभेच्या सात दिवस आधी पोहोचलं होतं. अधिकाऱ्यांचं अर्धं वाक्य झालं असेल, ‘खाली बसा’चा गलका सुरू झाला. ते बसले. माझ्या मते त्यांनी बसायला नको होतं. खुलासा पूर्ण करणं हे त्यांचं काम होतं आणि महापौरांनी त्यांना ते करू द्यायला हवं होतं.

‘शास्ती शंभर टक्के माफ करण्यात यावी’ असा ठराव एकमताने झाला. गॅलरी उभी राहिली. बायका एकमेकींचे हात धरून रडत होत्या. त्या भागाचे सदस्य त्यांना भेटायला बाहेर गेले, त्यांच्यामागे पत्रकार आणि इतरही काही सदस्य. आवारात गुलाल उडाल्याचा आवाज आत येत होता. सभा मात्र चालू होती.

त्यानंतर झोनबदलाचा विषय आला.

हे विषयपत्र मी आधी बारकाईने वाचलं होतं, आणि ते चांगलं होतं. आमच्याकडे येणारी अनेक विषयपत्रं जुन्या मजकुरात नावं बदलून केलेली असतात. हे तसं नव्हतं. नगररचना विभागातल्या एका कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन ते तयार केलं होतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करून वस्तीचे सर्व्हे नंबर शेती झोनमधून रहिवास झोनमध्ये घ्यावेत, असा प्रस्ताव. सोबत मोजणी नकाशा, घरांची यादी, अंतर्गत रस्त्यांची रुंदी. पाटबंधारे विभागाच्या पूररेषेचा नकाशाही जोडलेला, वस्ती निळ्या रेषेच्या बाहेर असल्याच्या शेऱ्यासह. निळी रेषा ही २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला प्रस्ताव शासनाकडे टिकत नाही, म्हणून तो शेरा मोलाचा. लोक टाळ्या वाजवत होते ती माफी सभागृहाला देता येणारी नव्हती. देता येण्यासारखी सुरुवात या कागदात होती.

नगरसचिवांनी क्रमांक पुकारला. ‘वाचला असे समजण्यात यावे.’ आणि टेबलावर एक उपसूचना आली.

ती चिठ्ठी मला अजून जशीच्या तशी दिसते. उपसूचना बहुतेक वेळा सभागृहातच लिहिल्या जातात. विषयपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर बॉलपेनने, खाडाखोड करून, कधी शेजाऱ्याच्या अक्षरात. ही टाइप केलेली होती. मूळ प्रस्तावातले सर्व्हे नंबर ‘वगळून’ आणि त्यांच्या जागी दुसरे ‘समाविष्ट करून’ असा मजकूर. नव्या प्रत्येक सर्व्हे नंबरपुढे हिस्सा नंबर, हिस्सा नंबरपुढे ‘पैकी’, त्यापुढे हेक्टर-आरमध्ये क्षेत्र. सातबारा समोर ठेवल्याशिवाय असा मजकूर कोणी लिहू शकत नाही. जमीन वस्तीच्या पलीकडची, आराखड्यातल्या रुंद रस्त्याला लागून, मोकळी. एकही घर नसलेली. खाली सूचक आणि अनुमोदकाची सही होती. दोघेही त्या भागातले नव्हते.

मी चिठ्ठी नगरसचिवांपुढे सरकवली आणि हळूच म्हटलं, “सर, यात वस्तीच वगळलीय.” त्यांनी वाचली. एकदा नगररचना अधिकाऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं. ते अधिकारी मान खाली घालून फाईल चाळत होते. विषयपत्र त्यांच्याच विभागाचं होतं. बदललेल्या जमिनीची पूररेषा तपासलेली नाही, प्रशासनाचा अभिप्राय नाही, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सभागृहात दुपारभर टाळ्या मिळवणारी माणसं होती, आणि हे एक वाक्य बोलणारं कोणी नव्हतं. “आपलं काम नोंद घेण्याचं,” नगरसचिव मला म्हणाले. उपसूचना स्वीकारली गेली. मंजूर, मंजूर. पुढचा विषय.

नोंद घेण्याचं काम असेल तर ती नोंद पुरती घ्यायची, असं मी त्या रात्री ठरवलं. आमच्याकडे सर्रास ‘विषयपत्र उपसूचनेसह मंजूर करण्यात येत आहे’ एवढं लिहून खाली उपसूचना जोडतात. ठराव वाचणाऱ्याला काय बदललं ते कळायला तीन कागद शेजारी ठेवावे लागतात, आणि तेवढे कागद सामान्य माणसाच्या हातात कधीच एकत्र येत नाहीत. मी ठरावाच्या मुख्य मजकुरातच सगळं लिहिलं: मूळ प्रस्तावातले सर्व्हे नंबर, ते वगळल्याचा उल्लेख, त्यांवर घरं असल्याचा विषयपत्रातला शेरा, नवे सर्व्हे नंबर, आणि ‘सदर उपसूचनेवर प्रशासनाचा अभिप्राय घेण्यात आला नाही’ हे वाक्य. यातला शब्दन् शब्द खरा होता. नगरसचिवांनी मसुदा बराच वेळ हातात धरून ठेवला, पण शेवटी सही केली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग आहे आणि आदरही आहे.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं. कोणीही हरकत घेतली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी गॅलरीत पाहिलेल्या एक बाई कार्यालयात आल्या. हातात नवं बिल. “मॅडम, माफीचा कागद मिळंल का? बँकेत दाखवायचाय. आणि बिलात दंड तसाच आलाय, तो चुकून आलाय ना?”

मी त्यांना बसवलं. म्हटलं, “मावशी, दंड चुकून आलेला नाही. सभेने सरकारला विनंती केलीय. सरकारने मान्य करेपर्यंत दंड चालू राहणार.”

“पण त्या दिवशी झालं की मंजूर. आम्ही पेढे वाटले.”

यावर मला काही बोलता येईना. त्या बराच वेळ बिलाकडे बघत बसल्या. मग मी त्यांना सांगितलं की ठरावाची प्रत कोणत्याही नागरिकाला अर्ज करून मिळते. माफीच्या ठरावाची मागा, आणि त्याच्या पुढच्या विषयाच्या ठरावाचीही मागा. तो कशाचा, हे त्यांनी विचारलं. “तुमच्या घराखालच्या जमिनीचा,” मी म्हटलं. दोन्ही प्रती त्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आणि वस्तीतला एक शिक्षक आला. ठरावातले सर्व्हे नंबर शिक्षकांनी तिथेच उभ्या उभ्या आपल्या खरेदीखताशी ताडून पाहिले, आणि मला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. कलम ३७ खाली नोटीस निघाली की एक महिन्याच्या आत हरकत देता येते, एवढंच मी सांगितलं. ही नोटीस राजपत्रात येते, वर्तमानपत्रातही येते, पण जाहिरातींच्या पानावर बारीक अक्षरात. वस्तीतली पोरं रोज पेपर बघायला लागली.

नोटीस निघाली आणि हरकतींचा गठ्ठा आला. सुनावणीला शिक्षकांनी ठरावाची प्रत पुढे ठेवली. अभिप्राय घेतला नसल्याचं वाक्य त्यांनी लाल शाईने अधोरेखित केलं होतं. वाक्य सुनावणीच्या अहवालात जसंच्या तसं गेलं, प्रस्तावासोबत नगरविकास विभागाकडेही गेलं. प्रस्तावाला मंजुरी मिळाली नाही. नकारही आला नाही. तो तिथेच पडून राहिला. मोकळ्या जमिनीचा झोन बदलला नाही, आणि वस्तीचाही नाही.

पुढे शासनाने लहान निवासी घरांना शास्तीत सूट दिली. पिंपरी-चिंचवडमध्ये तर कित्येक वर्षांच्या मागणीनंतर २०२३ साली अनधिकृत घरांची शास्ती माफ झाली. मावशींच्या बिलातला मोठा आकडाही गेला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण झोन शेतीच राहिला. मुलाला वर खोली काढायची तर परवानगी नाही, आणि परवानगी नसलेल्या घरावर बँक कर्ज देत नाही.

२०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिकांवर प्रशासक आले, आमच्याकडेही आले. तेव्हा आयुक्तच सभागृहाच्या वतीने ठराव करत, गॅलरीला कुलूप होतं. लोक म्हणायचे, नगरसेवक नाहीत तेच बरं. मला ते कधीच पटलं नाही. गॅलरी भरलेली होती म्हणून मावशी आल्या, मावशी आल्या म्हणून ठरावाची प्रत वस्तीपर्यंत पोहोचली. माझं म्हणणं एवढंच आहे की झोनबदलाच्या विषयात सर्व्हे नंबर बदलणारी उपसूचना आली तर त्याच सभेत मंजूर करता येऊ नये. नकाशा पडद्यावर लावावा, नगररचना अधिकाऱ्याने उभं राहून अभिप्राय द्यावा, आणि विषय पुढच्या सभेवर जावा. तसं टिपण मी वरिष्ठांना दिलेलं आहे. त्यावर शेरा मिळाला, ‘पाहिले’.

वस्तीचा प्रस्ताव पुन्हा आणायचा तर विषयपत्र पहिल्यापासून करावं लागेल. ते तयार करणाऱ्या अभियंत्याची बदली झाली आहे. त्यांनी केलेलं मूळ विषयपत्र, मोजणी नकाशा आणि पूररेषेच्या शेऱ्यासकट, अभिलेख कक्षात कोणत्या गठ्ठ्यात आहे ते मी नगररचना विभागाला लेखी कळवलं आहे, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक शिक्षकांना दिला आहे.